हेडफोनसाठी बीएस२बी क्रॉसफीड : तीन महिने ऐकल्यानंतरचा अभिप्राय

जुळे सोलापुरातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री साडेनऊनंतर स्पीकर लावता येत नाही. सासूबाई लवकर झोपतात, मुलीचा अभ्यास चालू असतो, आणि निवांत गाणे ऐकण्याची माझी वेळ नेमकी तीच असते. त्यामुळे गेली सहा-सात वर्षे माझे बहुतेक ऐकणे हेडफोनवरच होते. या काळात एक गोष्ट सतत खटकत राहिली. मैफलीचे जे ध्वनिमुद्रण रविवारी दुपारी स्पीकरवर दोन तास सुखाने ऐकता येते, तेच रात्री हेडफोनवर पाऊण तासात नकोसे होते. आवाज मोठा ठेवलेला नसतो, हेडफोनची पकडही घट्ट नसते, तरीही दोन्ही कानशिलांशी ताण येतो आणि हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. मी आधी याचे कारण हेडफोनच्या दर्जात शोधले आणि बंद पाठीचा हेडफोन बदलून उघड्या पाठीचा घेतला. आवाज मोकळा झाला, पण थकवा गेला नाही.

नेमके काय बिघडते आहे ते मला आमच्या तबल्याच्या गुरुजींनी एका वाक्यात दाखवले. एका जुन्या वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणात तबला आणि डग्गा वेगवेगळ्या बाजूंना ठेवलेले होते. ते मी त्यांना हेडफोनवर ऐकवले, तेव्हा दोन मिनिटांत हेडफोन खाली ठेवून ते म्हणाले, "तबला ह्या कानात, डग्गा त्या कानात, अन् मधे वाजवणारा माणूसच नाही की ताई!" तेच ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावल्यावर त्यांनी काहीही तक्रार केली नाही. ध्वनिमुद्रण एकच, ऐकणारा एकच, आणि तरीही एका ठिकाणी वादक समोर बसलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचे दोन तुकडे झालेले असतात. हा फरक कमी करण्यासाठी एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानालाही देण्याचे जे तंत्र वापरतात त्याला क्रॉसफीड म्हणतात, आणि त्याचे बीएस२बी नावाचे विनामूल्य रूप मी गेले तीन महिने रोज वापरते आहे.

अभिप्रायाकडे वळण्याआधी हे तंत्र काय करते ते नीट सांगायला हवे, कारण ते समजले नाही तर पहिल्या पाच मिनिटांत निराशा होण्याचा संभव आहे. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानाला ऐकू येत नाही. तो डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंतही पोहोचतो. थोडा उशिरा आणि थोडा बदलून. स्पीकर समोरच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर असतील तर दूरच्या कानाला होणारा उशीर सुमारे ०.२६ मिलिसेकंद भरतो, आणि आवाज अगदी एका कानासमोरून आला तरी तो ०.६५ मिलिसेकंदांच्या आसपासच राहतो. बदल होतो तो डोक्याच्या आडोशामुळे. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ अडीच मीटर असल्याने जेमतेम वीतभर रुंदीच्या डोक्याचा तिला काहीच अडथळा होत नाही. तीन हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र अकरा-साडेअकरा सेंटीमीटर असते, आणि ती डोक्याआड बरीचशी अडते.

सोलापूरच्या माणसाला याचा अनुभव वेगळा घ्यावा लागत नाही. पूर्व भागातल्या गल्लीतून चालताना डाव्या हाताच्या घरात यंत्रमाग चालू असेल तर त्याची जड धडधड दोन्ही कानांत जवळजवळ सारखीच भरते, आणि धोट्याचा तीक्ष्ण ठोका तेवढा डाव्या कानाला टोचतो. खालचे स्वर दोन्ही कानांना आणि वरचे स्वर मुख्यतः जवळच्या कानाला, या वाटणीची आपल्या मेंदूला जन्मापासून सवय असते. खालचा स्वर फक्त एकाच कानात वाजतो आहे आणि दुसऱ्या कानात पूर्ण शांतता आहे, असे दूरच्या आवाजाच्या बाबतीत निसर्गात घडतच नाही. तसे झालेच तर आवाज अगदी कानाला लागून असतो, उशाशी कुणी कुजबुजावे तसा. हेडफोनवर डग्गा एकाच कानात घुमतो तेव्हा मेंदूला नेमकी तीच खूण मिळते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे थकव्याचे मूळ तिथेच आहे.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याची सगळी मांडणी दोन स्पीकर आणि दोन कान यांच्यावर उभी होती. दोन्ही स्पीकरांतील आवाजाच्या पातळीत फरक ठेवला, आणि दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येत असले, तर खालच्या स्वरांत त्या पातळीच्या फरकाचे रूपांतर कानाशी वेळेच्या फरकात होते आणि वाद्याची जागा ठरते. म्हणजे एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला पोहोचणे हा स्टिरिओतला दोष नसून स्टिरिओ ज्यावर चालते ती अटच आहे. हेडफोन नेमकी हीच अट काढून टाकतो. बेंजामिन बाउअर याने १९६१ मध्ये हेडफोनसाठी ती विद्युत मंडलाने परत आणण्याचा मार्ग मांडला, आणि बीएस२बी या नावातला पहिला 'बी' त्याच्याच आडनावाचा आहे. पुढे झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७१ मध्ये याच कामासाठी आपले मंडल प्रसिद्ध केले, आणि त्यातूनच पुढच्या अनेक हौशी मंडळींनी आपापली मंडले बांधली.

बीएस२बी हा बोरिस मिखायलोव्ह यांनी लिहिलेला, मुक्त स्रोत असलेला छोटा संगणकीय घटक आहे. तो स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून वापरायचा नसतो. संगीत वाजवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो जोडलेला मिळतो. विंडोजवर मी तो फूबार२००० मध्ये वापरते आणि लिनक्सवर ईझीइफेक्ट्समध्ये. दुसऱ्या मार्गाचा फायदा असा की तिथे संगणकातून बाहेर पडणारा प्रत्येक आवाज, म्हणजे ब्राउझरमधील मैफलीसुद्धा, क्रॉसफीडमधून जातो. फूबारमध्ये फक्त त्यातच वाजवलेल्या फाइलींना लाभ होतो, पण माझा संग्रह फाइलींचाच असल्याने मला ते पुरते. बसवताना एकच काळजी घ्यावी लागते. फूबारच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ६४ बिटांचा पर्याय मिळतो, आणि ३२ बिटांसाठी बनवलेले जुने घटक त्यात चालत नाहीत. घटक दिसतच नसेल तर आधी हे तपासावे.

आत गेल्यावर हाताळायला दोनच गोष्टी आहेत. एक कंप्रता आणि दुसरी डेसिबलमधली पातळी. पहिली सांगते की कोणत्या स्वरापर्यंतचा आवाज पलीकडच्या कानाला भरीव प्रमाणात द्यायचा. त्याच्या वर तो हळूहळू कमी होत जातो, डोक्याआड व्हावा तसा. उशिरासाठी वेगळी सोय नसते. गाळणीच्या, म्हणजे फिल्टरच्या, स्वभावातूनच खालच्या स्वरांना आवश्यक तेवढा उशीर मिळतो, आणि मला ही रचना फार सुंदर वाटते. दुसऱ्या आकड्याबद्दल मात्र बहुतेकांचा गैरसमज होतो, माझाही पहिले दोन दिवस झाला होता. हा आकडा म्हणजे खालच्या स्वरांत दोन कानांमध्ये किती फरक ठेवायचा याचे माप आहे. म्हणून आकडा जितका मोठा, तितके मिश्रण कमी. परिणाम वाढवायचा म्हणून ९.५ च्या पुढे सरकत राहिल्यास क्रॉसफीड जवळजवळ नाहीसे होते आणि 'याने काहीच होत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तयार जोड्या तीन आहेत. मूळ जोडी ७०० हर्ट्झ आणि ४.५ डेसिबलची, तीस अंशांवर आणि सुमारे तीन मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरांच्या सर्वांत जवळ जाणारी, असे तिचे वर्णन केले जाते. दुसरी चू मॉय यांच्या नावाची, ७०० आणि ६. तिसरी जर्मन ॲम्प्लिफायर-रचनाकार यान मायर यांच्या नावाची, ६५० आणि ९.५. मूळ आवाजात सर्वांत कमी ढवळाढवळ करणारी ही तिसरी जोडी आहे. नव्याने ऐकणाऱ्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण थेट ४.५ वर गेल्यास आवाज एकदम आक्रसल्यासारखा वाटतो आणि मन विरोधात जाते.

ही पहिली प्रतिक्रिया मलाही चुकली नाही. क्रॉसफीड चालू करताच वाद्यांचा विस्तार कमी झाला, तानपुऱ्यांची झळाळी किंचित मंदावली, आणि काहीतरी हरवल्याची भावना झाली. यात एक भाग आवाजाच्या पातळीचा असतो. चालू आणि बंद या दोन अवस्थांत एकूण आवाज थोडा कमीजास्त होऊ शकतो, आणि जो मोठा तो कानाला चांगला वाटतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्हींची पातळी कानाने जुळवून घेणे आवश्यक आहे. पण ती जुळवल्यानंतरही विस्तार कमी झाल्याचे जाणवतेच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. हेडफोनचा तो विस्तार मुळात ध्वनिमुद्रकाने ठेवलेलाच नव्हता, हे पटायला मला आठवडा लागला. आठव्या दिवशी, एका ख्यालाच्या विलंबित भागात, मी क्रॉसफीड बंद केले आणि दोन्ही तानपुरे दोन कानांच्या आत शिरल्यासारखे वाटले. आधी ज्याला मी झळाळी म्हणत होते ती बोचरी वाटू लागली होती. तेव्हापासून माझी खात्री झाली की या गोष्टीची परीक्षा चालू करून होत नाही, दीर्घकाळ ऐकून मग बंद केल्यावर होते.

ध्वनिमुद्रणाच्या प्रकाराप्रमाणे गुण बराच बदलतो. सर्वांत मोठा लाभ १९६० च्या दशकातील स्टिरिओ ध्वनिमुद्रणांना होतो, कारण त्या काळात वाद्य पूर्णपणे डावीकडे, पूर्णपणे उजवीकडे किंवा बरोबर मध्ये ठेवण्याची पद्धत बरीच रूढ होती. एका बाजूला गायक आणि दुसऱ्या बाजूला सगळा वाद्यमेळ, अशी रचना मला हेडफोनवर अक्षरशः सहन होत नसे, ४.५ ची जोडी लावल्यावर ती ऐकण्याजोगी होते. जुगलबंदीलाही हेच लागू आहे. दोन वादक दोन कानांत बसण्याऐवजी एकाच बैठकीवर शेजारी बसल्यासारखे वाटतात, आणि सवाल-जवाबाच्या वेळी एका कानातून दुसऱ्या कानात होणारी धावपळ थांबते. तबल्याच्या साथीत मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. डग्ग्याची घुमक बहुतांशी ७०० हर्ट्झच्या खाली असल्याने ती दोन्ही कानांत पसरते आणि तबल्याची चाट मात्र आपल्या बाजूलाच राहते, त्यामुळे जोडी पुन्हा एका माणसाच्या हातात येते.

अलीकडच्या चित्रपट-संगीताच्या मिश्रणांत फरक लहान असतो. तिथे खालचे स्वर आणि गायकाचा आवाज बहुधा मध्येच असतात, आणि मिश्रण करणारेही हेडफोनवर ऐकून पाहतात. मुलीला कळ माझ्या नजरेआड चालू-बंद करायला लावून मी स्वतःची परीक्षा घेतली. जुन्या स्टिरिओत मी प्रत्येक वेळी अचूक ओळखले, नव्या गाण्यांत खात्रीने सांगू शकले नाही. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या एकमार्गी म्हणजे मोनो असतात. तिथे दोन्ही कानांत आधीच एकच आवाज असल्याने क्रॉसफीडला करण्यासारखे काही उरत नाही; मी ते बंद ठेवते. कृत्रिम मस्तकाच्या कानांत मायक्रोफोन बसवून केलेली बायनॉरल ध्वनिमुद्रणे असतील तर ते बंद केलेच पाहिजे, कारण डोक्याचा आडोसा आणि उशीर त्यांत आधीच उतरलेला असतो आणि तो दुसऱ्यांदा दिल्यास चित्र बिघडते.

आता मर्यादा. क्रॉसफीडने गायक तुमच्या समोर दोन मीटरवर येऊन बसत नाही. आवाज पुढून येतो की मागून, वरून येतो की खालून, हे ओळखण्यासाठी कानाच्या पाळीच्या वळणांमुळे वरच्या स्वरांत होणारे बदल लागतात, खोलीच्या भिंतींवरून येणारे पडसाद लागतात, आणि मान वळवल्यावर आवाजाची जागा स्थिर राहावी लागते. यांपैकी काहीही हा घटक देत नाही. मान वळवली की सगळी मैफल मानेबरोबर फिरते. हुतात्मा स्मृती मंदिरात मधल्या रांगेत बसून ऐकताना जो समोरचेपणा जाणवतो, तो याच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. जे होते ते एवढेच की दोन्ही कानांना घट्ट चिकटलेले दोन आवाज सुटे होऊन कपाळाच्या जरा पुढे, एका सलग पट्टीत येतात. मला रात्रीच्या ऐकण्यासाठी एवढे पुरेसे आहे. मान वळवल्यावरही आवाज जागेवर ठेवणारी, डोक्याच्या हालचालीचा माग घेणारी उपकरणे आता मिळतात, परंतु मी ऐकलेल्या अशा उपकरणांत खोलीचा कृत्रिम पडसाद शास्त्रीय गायनाच्या अंगावर येतो. क्रॉसफीड निदान आवाजाचा रंग फारसा पालटत नाही. अगदी काटेकोरपणे सांगायचे तर ४.५ वर गायकाचा आवाज थोडा गोलसर आणि डग्गा किंचित भारी वाटतो; ६ वर हा परिणाम मला जाणवत नाही, आणि म्हणून माझी रोजची जोडी ७०० आणि ६ ही आहे.

हेडफोनच्या निवडीचाही इथे संबंध येतो. उघड्या पाठीच्या हेडफोनवर क्रॉसफीड अधिक सहज वाटते, पण सोलापूरच्या मे महिन्यात पंखा पूर्ण वेगाने चालवावाच लागतो आणि त्याची घरघर उघड्या हेडफोनमधून आत येऊन तानपुऱ्याचा सूक्ष्म भाग झाकून टाकते. बंद पाठीचा घ्यावा तर अर्ध्या तासात कान घामाने ओले होतात. उन्हाळ्यात मी उघडा हेडफोनच वापरते, पंख्यापासून दूर बसते, आणि आवाज वाढवण्याचा मोह टाळते. क्रॉसफीडमुळे हा मोह कमी झाला हा मला न मागता मिळालेला लाभ आहे. पूर्वी एका बाजूचा आवाज बोचू लागला की मी तो कमी करी आणि मग दुसरी बाजू ऐकू येत नाही म्हणून वाढवी.

संगणकाशिवाय ऐकणाऱ्यांसाठी मार्ग आहेत. फोनवर न्यूट्रॉन या प्लेअरमध्ये क्रॉसफीडची सोय आहे. रॉकबॉक्स हे प्लेअरसाठीचे पर्यायी मुक्त सॉफ्टवेअर घालता येईल असा जुना आयपॉड किंवा सॅनडिस्कचा क्लिप कुणाच्या कपाटात पडून असेल तर तो बाहेर काढावा. त्यातील क्रॉसफीडमध्ये थेट आवाज, पलीकडचा आवाज आणि वरच्या स्वरांची घट स्वतंत्रपणे ठरवता येते. प्रक्रिया आवाज बाहेर पाठवण्यापूर्वीच होत असल्याने ब्लूटूथच्या इयरफोनवरही तिचा उपयोग होतो. आरएमईच्या एडीआय-२ डॅकसारख्या महागड्या यंत्रांत बाउअरच्याच पद्धतीचे पाच पायऱ्यांचे क्रॉसफीड अंगभूत असते, परंतु केवळ या एका सोयीसाठी तेवढा खर्च करावा असे मी कुणालाही सांगणार नाही. तीन महिन्यांत मी यासाठी एकही रुपया खर्च केलेला नाही.

गेल्या महिन्यात गुरुजींच्या घरी त्यांच्या संगणकावर मी हे बसवून दिले. त्यांच्या एका शिष्याच्या वादनाचे, परवानगीने, छोट्या रेकॉर्डरवर केलेले ध्वनिमुद्रण होते. त्या रेकॉर्डरचे दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी कोन करून बसवलेले आहेत. अशा मायक्रोफोनांतून दोन बाजूंत फक्त पातळीचा फरक येतो, वेळेचा येत नाही, त्यामुळे क्रॉसफीडची गरज त्यालाही असते. बाजूच्या घरातला माग बंद होईपर्यंत थांबून गुरुजींनी ते पूर्ण ऐकले आणि म्हणाले, "आता पोरगं समोर बसलंय की." मी त्यांना ७०० आणि ६ ची जोडी लावून आले होते. परवा फोनवर त्यांनी सांगितले की सरोदची एक जुनी जुगलबंदी ऐकताना त्यांनी स्वतःहून ती ४.५ वर आणली आहे, आणि पहाटे रियाजापूर्वी तास-दीड तास ते हेडफोन न काढता ऐकत बसतात.